लोहारकाम शिकून घर चालेल का?

तासगाव तालुक्यातल्या एका पंचविशीतल्या तरुणाचा प्रश्न आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, कुपवाडच्या एमआयडीसीत कंत्राटी नोकरी आहे, व्हिडिओ बघून बघून सुऱ्या-चाकू घडवायचा नाद लागलाय. घरात पूर्वी कुणी लोहारकाम केलेलं नाही. हे काम कुठे शिकायला मिळेल, सुरुवातीला किती भांडवल लागेल आणि नोकरी सोडून त्यावर घर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

मी कऱ्हाडच्या बाजूला हे काम करतो. वडिलांचा भाता होता, आता माझं दुकान आहे. निम्मं काम शेतीच्या अवजारांचं आणि निम्मं गेट, कठडे, बिजागऱ्या, जुन्या वाड्यांच्या कड्या-कोयंड्यांचं. त्या अनुभवावरून लिहितो.

भाऊ, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, पण घर चालणं ज्यावर ठरतं ती चौथी गोष्ट राहिली. तुमच्याकडे पुन्हा पुन्हा कोण येणार? लोखंड तापवून त्याला आकार देणं चिकाटीच्या माणसाला जमतं. वर्ष-दीड वर्ष रोज हातोडा धरला की हात बसतो. पण हौसेने हाताने घडवलेली सुरी घेणारा माणूस एकच घेतो, आणि ती चांगली असली तर दहा वर्षं परत येत नाही. याउलट खुरपं, विळा, कुदळ, टिकाव, पहार ही झिजणारी अवजारं आहेत. ज्याच्या घरी ती आहेत तो हंगामाआधी ती शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धार काढून, घ्यायला येतोच. आमच्या धंद्यात पोट भरलं ते या शेवटण्यावर. नवीन वस्तू घडवणं ही त्यावरची वाढ. म्हणून माझं सांगणं एवढंच की सुरीपासून सुरुवात करू नका, खुरप्यापासून करा.

आता हे सगळीकडे सारखं लागू नाही. तुमचं गाव कुठलं यावर पुष्कळ ठरतं. तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यात खुरपी-विळ्यांपेक्षा मांडवाचे लोखंडी अँगल, बेदाण्याच्या शेडचे रॅक, औषधफवारणीच्या ट्रॅक्टरच्या मोडतोडीची कामं जास्त. वाळवा आणि कऱ्हाड तालुक्यात ऊस. तिथे कोयता, पाचट काढायचा विळा आणि सरीतली अवजारं. सांगलीकडे हळद निघते तेव्हा कुदळी-टिकावांचं काम येतं. पाटण-जावळीच्या डोंगरात कुऱ्हाड, कोयता आणि आकडी अजून रोजच्या वापरात आहेत. महाबळेश्वर-पाचगणी आणि वाईच्या बाजूला बंगले, हॉटेलं आणि जुने वाडे. तिथे हातघडणीच्या लोखंडी सामानाला चांगला दाम मिळतो, पण ते काम आर्किटेक्टच्या ओळखीने येतं आणि सुबकपणा फार मागतं. शिवाय मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवल्यापासून शर्यतीच्या छकड्यांची छोटी-मोठी लोखंडी कामं आमच्याकडे वाढली आहेत. तुमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरच्या टापूत यातलं काय चालतं, हे एखाद्या रविवारी मोटारसायकलवर फिरून बघा. आठवडी बाजारात कोणती अवजारं कुठून येतात हेही विचारा. माझ्या मते तुमच्या शिक्षणाचा पहिला धडा तोच.

बाजारात तयार खुरपं स्वस्त मिळतं, मग शेवटायला कोण येईल, असं वाटेल. येतात, कारण तयार मालातल्या बऱ्याच पात्यांना पाणी नीट दिलेलं नसतं, म्हणजे तापवून बुडवून आणायचा कडकपणा नीट आणलेला नसतो. काही पाती इतकी मऊ की दोन दिवसांत धार वळते, काही इतकी कडक की दगडावर तुकडा उडतो. सहाणवाला किंवा ग्राइंडरवाला धार लावतो तेव्हा पोलाद खातो, लोहार शेवटतो तेव्हा पोलाद पसरवतो. झिजून जाड झालेली धार लाल करायची, ऐरणीवर हलक्या, एकसारख्या घावांनी पातळ करत पुढे काढायची. धारेकडून ठोकलं की पातं मागच्या बाजूला वळतं, म्हणून मध्ये मध्ये पाठीवर ठोकून बाक परत बसवायचा. मग कानस आणि शेवटी पाणी. अशाने एकच खुरपं कितीतरी हंगाम चालतं. शेतकऱ्याला हे कळतं, फक्त करून देणारा जवळ हवा. जुनी माणसं थकली, पोरं शहरात गेली, आता बऱ्याच गावांत असा माणूस उरलेला नाही. तुमची संधी इथे आहे.

पाणी देण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वेल्डिंगवाला आणि लोहार यांच्यात फरक पडतो तो इथेच. समजा टिकावाचं टोक ठोकून तयार केलंय. टोकाचा चार-पाच बोटं भाग भट्टीत एकसारखा लाल होऊ द्यायचा. किती लाल, हे उन्हात उभं राहून कळत नाही, म्हणून लोहाराचा भाता नेहमी सावलीत, अर्धवट अंधारात असतो. नवशिक्याने एक लोहचुंबक तारेला बांधून जवळ ठेवावा. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला धरत नाही. त्याच्या थोडं पुढे, ८०० ते ८५० च्या दरम्यान, पाणी देण्याची वेळ. मग फक्त टोकाकडचा दीड-दोन बोटं भाग पाण्यात घालायचा आणि वर-खाली हलवत राहायचं. एका जागी धरला तर पाण्याच्या रेषेवर तडा जातो. मागचा भाग अजून तापलेलाच असतो. बाहेर काढल्याबरोबर विटेच्या तुकड्याने टोक घासून पांढरं करायचं आणि डोळा न हलवता बघत राहायचं. मागची उष्णता पुढे सरकते तसे त्या पांढऱ्या भागावर रंग चालून येतात: फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा साधारण २२० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. नुसत्या कापणाऱ्या, घाव न सोसणाऱ्या धारेला पिवळ्या-तपकिरीवर थांबवायचं. टिकाव, छिन्नी, कुऱ्हाड यांना घाव सोसायचा असतो, तिथे जांभळा धारेपर्यंत येऊन निळा मागे दिसू लागला की सगळं बुडवायचं. हे चार-पाच सेकंदांत ठरतं. रंग निसटला तर पुन्हा पहिल्यापासून.

यात एक अट आहे. लोखंड पाणी घेणारं हवं. साध्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ लोखंड) पट्टीत कार्बन इतका कमी असतो की कितीही वेळा बुडवा, ती कडक होत नाही. म्हणून आम्ही ट्रकच्या कमानीचा पाटा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगची पट्टी, वापरतो. त्यात कार्बन साधारण अर्ध्या टक्क्याच्या वर, ०.६ टक्क्याच्या आसपास असतो. भंगारातला तुकडा कशाचा आहे हे कळत नसेल तर ग्राइंडरला लावून ठिणग्या बघा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कार्बन जास्त असला तर त्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. कमानीच्या पाट्याचं पातळ पातं पाण्यात बुडवलं तर तडकायची भीती असते, म्हणून मी विळे-कोयते तेलात बुडवतो आणि नंतर वेगळी आच देऊन त्यांचा कडकपणा उतरवतो. तेलाच्या डब्याला लोखंडी झाकण जवळ हवंच, तेल पेट घेतं. तुमचा डिप्लोमा इथे कामाला येईल. आमच्या वडीलधाऱ्यांना हे हाताला आणि डोळ्याला कळायचं, तुम्हाला त्यामागचं कारणही कळेल. दोन्ही असलेला माणूस चांगला कारागीर होतो.

शिकायचं कुठे? खरं शिक्षण चालू दुकानात मिळतं. चार-आठ दिवसांच्या कार्यशाळेत हातोडा कसा धरायचा ते कळतं, पण एकाच दिवसात चाळीस खुरपी आली तर कुठलं आधी भट्टीत घालायचं, कोळसा कसा वाचवायचा, गिऱ्हाइकाला कधी परत बोलवायचं हे तिथे दिसत नाही. मे महिन्याच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत प्रत्येक लोहाराकडे गर्दी असते. त्या दिवसांत जवळच्या एखाद्या मिस्त्रींकडे जा आणि सुट्टीच्या दिवशी ब्लोअर फिरवायला, घण मारायला हात द्यायची तयारी दाखवा. पगाराचं बोलू नका, फोन खिशात ठेवा. लोहाराच्या घरचे नाही म्हणून शिकवतील का, ही शंका तुमच्या प्रश्नात दिसते. काही ठिकाणी पहिल्यांदा नाही म्हणतील. त्यांनी आधी उत्साहाने आलेली आणि दोन आठवड्यांत पळालेली पोरं बघितलेली असतात. तुम्ही गर्दीच्या दिवसांत टिकलात तर कुठल्या घरचे हे कुणी विचारत नाही. म्हातारे मिस्त्री तर शिकणारा मिळाला म्हणून सुखावतात.

घणाचं काम हलकं समजू नका. एक जण सांडशीने लोखंड धरतो, छोट्या हातोड्याने जागा दाखवतो आणि दुसरा तिथे घण घालतो. आमच्याकडे, तसंच गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबांत, हा घण बायकांनी मारलाय. माझ्या आईने तो मारला. धंद्याचा हिशेब करताना तिची मजुरी कधी कुणी धरली नाही, म्हणून लोहारकाम परवडतंय असं वाटायचं. तुम्ही एकटे असाल तर मदतनिसाचा रोज किंवा पॉवर हॅमरचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

आता भांडवल. सुरुवातीला भट्टी, ब्लोअर, ऐरण, दोन-तीन हातोडे, दोन-तीन आकारांच्या सांडशा, कानशी, हँड ग्राइंडर आणि जाड लाकडाचा ओंडका एवढं पुरतं. सांडशा स्वतःच घडवा, पहिला सराव म्हणून त्याहून चांगली वस्तू नाही. ऐरणीसाठी रेल्वेचा रूळ वापरतात, पण तो बिलासकट, खात्रीच्या भंगारवाल्याकडूनच घ्या. रेल्वेची चोरीची मालमत्ता जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. नाहीतर भंगारातला जाड शाफ्टचा तुकडा उभा पुरला तरी उत्तम ऐरण होते. कोळसा चांगला घ्या, मातीमिश्रित कोळशात आच धरत नाही.

वेल्डिंग मात्र टाळू नका. आज खेड्यातल्या बहुतेक लोहारांचा निम्मा गल्ला वेल्डिंगचा असतो. तुम्ही कंपनीत आहात तर वेल्डिंग विभागात काम मागून घ्या, नाहीतर आयटीआयचा वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ट्रॅक्टरच्या नांगराच्या झिजलेल्या फाळाला पाट्याचं टोक जोडायचं काम सारखं येतं, आणि ते साध्या रॉडने थंड लोखंडावर केलं तर शेतात पहिल्याच दगडाला टोक तुटून पडतं. आधी पाटा गरम करा, ७०१८ नंबरचा कोरडा वेल्डिंग रॉड वापरा, नंतर हळूहळू निवू द्या. असं काम करून देणारा माणूस पंचक्रोशीत नावाजतो.

सरकारी मदतीबद्दल. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहार आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. पण नोंदणी करताना तुम्ही तो धंदा हाताने, स्वतः करत असायला हवेत आणि एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. म्हणजे आज लगेच नाही, दुकान सुरू झाल्यावर ग्रामपंचायतीत आणि सेवा केंद्रात चौकशी करा. कर्ज मिळतंय म्हणून महागडी मशिनरी घेऊ नका. पहिला लाख कोळसा, पोलाद आणि ग्राइंडर-वेल्डिंग मशीनला घाला.

दर ठरवताना बहुतेक नवे लोक फसतात. समजा एक खुरपं शेवटायचे तुम्ही ४० रुपये घेता आणि तासाला चार करता. १६० रुपये दिसतात. त्यातून कोळसा, वीज, ग्राइंडरची चाकं, जागेचं भाडं आणि मदतनिसाचा रोज काढा, मग स्वतःला काय उरलं ते बघा. उरत नसेल तर दर वाढवा किंवा एका आचेत दोन खुरपी तापवायची सवय लावा. पूर्वी बलुत्यात वर्षाचं धान्य मिळायचं, तेव्हा एकेका खुरप्याचा हिशेब नव्हता. आता रोखीचा जमाना आहे, पण गिऱ्हाईक अजून त्या काळच्या भावाची आठवण सांगतं. दुकानात दरांची पाटी लावा. आणि उधारी! आमच्याकडे ‘उसाचं बिल निघालं की देतो’ हे वाक्य रोज ऐकू येतं. कारखान्याने १४ दिवसांत बिल द्यावं असा नियम आहे, तरी तुमच्यापर्यंत पैसा पोचायला किती दिवस लागतील हे कुणाच्या हातात नाही. छोटं काम रोखीनेच, मोठ्या कामाला निम्मे पैसे आधी. माणूस नाराज झाला तरी चांगल्या पाण्याच्या विळ्यासाठी परत येतो.

सुऱ्यांचा नाद सोडा असं मी म्हणत नाही. हात बसला की स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, विळ्या, बागकामाची हत्यारं करा, त्याला शहरात गिऱ्हाईक आहे. पण तलवारी, जंबिये, भाले यांच्या ऑर्डरी घेऊ नका, कुणी मिरवणुकीसाठी म्हटलं तरी. घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या हत्यारांना सोडून नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं शस्त्र कायद्याच्या नियमांत येतात. एका ऑर्डरीपायी पोलीस स्टेशनच्या चकरा होतील.

कारागिरीचं बाजारात मोल कमी झालं तर काय करायचं, याचं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात आहे. मिरजेचे सतारमेकर हे मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली आणि पुढे मिरजेची सतार-तंबोरा देशभर गेला. दुसरीकडे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथले लोखंडी नांगर गावोगाव गेले, तरी लोहार संपला नाही, कारण कारखान्याचा फाळही शेतात झिजतच होता. म्हणून काय बनवता यापेक्षा लोक काय झिजवतात, मोडतात आणि दुरुस्त करायला कुठे नेतात याकडे लक्ष ठेवा.

शरीराची काळजी मी सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही सांगतो. डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे आणि अंगात सुती कपडे. नायलॉनचा शर्ट ठिणगीने वितळून कातड्याला चिकटतो. जस्ताचा मुलामा असलेला गॅल्व्हनाइज पाइप किंवा पत्रा भट्टीत कधी घालू नका, त्याच्या धुराने थंडी-ताप भरतो. तोंड बंद असलेला पाइप किंवा गाडीचा शॉकअप तापवला तर तो बाँबसारखा उडतो. भट्टी बंद शेडमध्ये नको, हवा खेळती हवी. पन्नाशीतल्या कितीतरी मिस्त्रींना ऐकू कमी येतं. ते टाळता येतं, म्हणून बोळ्यांचा कंटाळा करू नका.

राहिला नोकरीचा प्रश्न. आत्ता सोडू नका. यंदाच्या मे महिन्यात शिकायला लागा, घरी छोटी भट्टी उभी करा आणि शेजारच्या आठ-दहा घरांची खुरपी-विळे शेवटून द्या, पैसे घेऊन. पेरणीआधीची गर्दी सगळ्यांना दिसते. खरी परीक्षा श्रावण-भाद्रपदात, जेव्हा पाऊस चालू असतो, अवजारं शेतात असतात आणि दुकानात कुणी फिरकत नाही. त्या दोन महिन्यांत वेल्डिंग, गेट, शेडची कामं किंवा साताऱ्याकडच्या बंगल्यांची एखादी ऑर्डर मिळून घरखर्च निघाला, तर पुढच्या दिवाळीनंतर राजीनामा द्या. नाही निघाला तर आणखी एक वर्ष नोकरी धरून शनिवार-रविवार भट्टी चालवा. घरात दुसरी कमाई असेल, शेती बागायती असेल तर हे पाऊल लवकर उचलता येईल. कर्जाचे हप्ते चालू असतील तर घाई करू नका.

तुमच्या गावात किंवा शेजारी चालू भाता कुठे आहे, आणि घरी ऊस आहे, द्राक्षं आहेत की जिरायत, हे कळवा. मग पहिल्या सहा महिन्यांत कुठली अवजारं हातात घ्यायची ते नेमकं सांगता येईल.